मुलाची माया खरी असते



अलीकडे शाळेतली पालकसभा संपली, की कुणी ना कुणी मागे थांबतं आणि जरा चाचरत विचारतं, "मुलांशी गप्पा मारणारा, त्यांच्यासोबत वाढणारा रोबो मिळतो म्हणे. घ्यावा का?" विचारणाऱ्याच्या आवाजात हौसेपेक्षा काळजी जास्त असते. घरात एकच मूल, आई-बाबा दोघंही नोकरीवर, आजी-आजोबा गावी. शाळेतून आल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत मूल सांभाळणाऱ्या ताईंच्या आणि टीव्हीच्या हवाली. इमारतीखाली खेळायला जागा नाही, आणि असली तर तिथे गाड्या उभ्या. अशा घराला कुणी सोबत विकत देऊ केली, तर मन त्या बाजूला वळणारच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. म्हणून "असली थेरं हवीत कशाला" असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. आज जरा सविस्तर बोलू या.

हे आता जपान-अमेरिकेतलं कौतुक राहिलेलं नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २०१५ साली मुंबईतच सुरू केलेली कंपनी 'मिको' नावाचा मुलांचा रोबो बनवते आणि तो परदेशातही विकला जातो. बोलणारी अस्वलं आणि ससेही बाजारात येऊ लागले आहेत. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने २०२५ च्या जूनमध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी खेळण्यांसाठी करार जाहीर केला. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही दारात येणार आहे.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. यंत्राची माया खरी की खोटी, या वादात आपण फार वेळ घालवतो. पालकांसाठी त्याहून मोठी गोष्ट ही, की मुलाची माया खरी असते. ती कुत्र्याच्या पिल्लावर जडो, लाकडी घोड्यावर जडो की बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर, मुलाच्या बाजूने ती पुरेपूर असते. जी वस्तू एवढी माया घेणार, तिचा मालक कोण, ती किती दिवस टिकणार आणि तिचा स्वभाव कोण घडवणार, हे बघणं मोठ्यांचं काम आहे.

सुरुवात स्वभावापासूनच करू, कारण 'वाढत जाणारा स्वभाव' हेच या यंत्रांच्या जाहिरातीतलं मुख्य आकर्षण. कल्पना जुनी आहे. १९९९ साली जपानच्या सोनीने 'आयबो' हा यांत्रिक कुत्रा विकायला काढला. किंमत अडीच लाख येन, तरी जपानसाठी ठेवलेले तीन हजार आयबो वीस मिनिटांत संपले. तो पिल्लू म्हणून घरी यायचा आणि हळूहळू 'मोठा' व्हायचा. डोक्यावर थोपटलं की नुकतंच केलेलं वागणं तो पुन्हा करण्याची शक्यता वाढायची, रागावलं की घटायची. गणित इतकं साधं. पण काही महिन्यांनी दोन घरांतले दोन आयबो वेगळे वागू लागायचे आणि मालकाला वाटायचं, हा अगदी माझ्या वळणावर गेला आहे. २०१८ साली आलेल्या नव्या आयबोच्या नाकात कॅमेरा आहे. तो घरातली माणसं चेहऱ्यावरून ओळखतो आणि कोण लाड करतं हे लक्षात ठेवतो.

आताच्या बोलक्या रोबोंचं तंत्र याच्या बरंच पुढे गेलं आहे. त्यांचं बोलणं बहुतेक वेळा त्यांच्या पोटात तयारच होत नाही. मुलाचा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे भाषेचं एक अवाढव्य मॉडेल उत्तर जुळवतं आणि ते आवाज होऊन परत येतं. मुलाने मागे काय काय सांगितलं होतं, मांजर आवडतं, गणिताची भीती वाटते, बाबा परगावी गेलेत, याच्या नोंदी साठत जातात आणि पुढचं उत्तर जुळवताना त्या मॉडेलपुढे ठेवल्या जातात. "त्याला माझं सगळं आठवतं" असं मूल कौतुकाने सांगतं, ते या नोंदींमुळे. मॉडेल आणि नोंदी मिळून जे होतं, त्याला आपण रोबोचा स्वभाव म्हणतो. तुम्ही पैसे मोजून घरी आणता ते फक्त त्याचं शरीर. स्वभाव कंपनीच्याच ताब्यात राहतो.

इथे एक फरक नीट समजून घ्या. भातुकलीत बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं तेव्हा बाहुलीच्या तोंडून मूलच बोलतं. रुसवा मुलाचा, समजूत मुलाची, वरमाईचा तोराही मुलाचाच. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल सजवून मिरवणारं पोर त्या बैलाचं सगळं मन स्वतःच उभं करतं. बोलका रोबो मात्र स्वतःचे शब्द घेऊन येतो, आणि मुलाकडे उरतं ते उत्तर देण्याचं काम. बडबड भरपूर होते, पण खेळाच्या निमित्ताने मुलाच्या मनात जी घडामोड व्हायची, ती पुष्कळशी थांबते. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलासाठी बोलका रोबो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण हेच.

मोठी मुलं तरी हे यंत्र आहे हे ओळखतील, असं आपल्याला वाटतं. ती ओळखतातच, पण ओळखूनही जीव लावतात. एमआयटीच्या शेरी टर्कल कित्येक वर्षं मुलं आणि यंत्रं यांच्या नात्याचा अभ्यास करत आल्या आहेत. १९९८ साली 'फर्बी' हे केसाळ, बोलकं खेळणं आलं. त्याच्याशी खेळणाऱ्या मुलांकडे बघताना त्यांना दिसलं, की सजीव आणि निर्जीव यांच्या मधे मुलांनी एक तिसरा कप्पाच केला आहे, काहीसं जिवंत असलेल्या गोष्टींचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर प्रत्येक पालकाला ठाऊक असावा. नऊ, बारा आणि पंधरा वर्षांची ९० मुलं 'रोबोवी' नावाच्या रोबोशी पंधरा मिनिटं बोलली, खेळली. मग एक मोठा माणूस आला आणि खेळ मधेच थांबवून रोबोवीला कपाटात ठेवायला निघाला. रोबोवी विनवू लागला, हे बरोबर नाही, मला आत भीती वाटते. नंतर विचारल्यावर अर्ध्याहून अधिक मुलांनी सांगितलं, त्याला कपाटात ठेवायला नको होतं. खरं तर संशोधकच आडून रोबोवी चालवत होते. पंधरा मिनिटांच्या ओळखीत मुलं इथपर्यंत आली. रोजच्या दोन तासांची, वर्षभराची सोबत झाली तर कुठवर जातील, याचा विचार करा.

मुलं बालिश म्हणून असं होतं, असंही नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या संगणकतज्ज्ञाने 'एलायझा' नावाचा प्रोग्राम लिहिला. समोरच्याचीच वाक्यं उलटी फिरवून प्रश्न विचारायचे, एवढंच त्याला येत होतं. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता, तरी त्याच्याशी बोलता बोलता तिने साहेबालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. आणि जपानात, २००६ साली जुन्या आयबोचं उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीची दुरुस्तीही थांबली, तेव्हा चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. प्रत्येकाच्या गळ्यात कोण, कुठला याची चिठ्ठी. विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आजारी आयबोंना बसवायचे. हे वाचून काहींना हसू येतं. मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. आपण जीव लावला होता हे त्यांनी लपवलं नाही, आणि निरोप नीट घेतला.

सगळ्या कुटुंबांना तशी सवड मिळत नाही. 'मॉक्सी' या रोबोची हकिगत सांगते. अमेरिकेतल्या एम्बॉडीड कंपनीने २०२० साली तो आणला. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, निळसर हिरवा, गोल हसरा चेहरा, नंतरच्या काळात किंमत ७९९ डॉलर. भावना ओळखायला, बोलायला मुलांना मदत व्हावी हा हेतू चांगला होता, आणि ऑटिझम असलेल्या काही मुलांचे पालक त्याच्याबद्दल मनापासून कृतज्ञ होते. त्याच्याभोवती एक गोष्ट गुंफलेली होती. एका गुप्त प्रयोगशाळेने त्याला माणसांचा चांगला मित्र कसं व्हावं हे शिकायला पाठवलं आहे, आणि त्याला शिकवायचं कोणी, तर तुमच्या मुलाने. कल्पना हुशारीची, आणि म्हणूनच जोखमीची. मूल ज्याची काळजी घेतं त्याच्यात ते सर्वाधिक गुंततं. १९९६ साली आलेल्या तामागोचीने, त्या अंड्याएवढ्या खेळण्यातल्या चिमुकल्या प्राण्याने, जगभरच्या मुलांना हेच करायला लावलं होतं.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये एम्बॉडीडने जाहीर केलं, की अपेक्षित भांडवल मिळालं नाही, कंपनी बंद होते आहे. रोबो धडधाकट होते, मोटारी चालत होत्या. पण बोलणं येत होतं सर्व्हरवरून, आणि सर्व्हर बंद म्हणजे मॉक्सी मुका. मुलांना हे कसं सांगावं यासाठी कंपनीने पालकांना एक पत्रही दिलं. आपल्या मॉक्सीला बिलगून रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ त्या दिवसांत खूप जणांनी पाहिले. पुढे कंपनीने तो घरच्या संगणकावरून चालवण्याची एक वाट खुली केली, पण ती तांत्रिक खटपट जमणाऱ्या घरांसाठी. असं पहिल्यांदाच घडलं अशातलाही भाग नाही. 'जिबो' नावाच्या घरगुती रोबोने २०१९ साली आपले सर्व्हर बंद होणार असल्याचं मालकांना स्वतःच्याच आवाजात सांगितलं होतं, आणि निरोपादाखल नाचूनही दाखवलं होतं. त्याच वर्षी कॉझ्मो आणि व्हेक्टर हे छोटे रोबो बनवणारी अँकी कंपनीही बंद पडली.

कुत्रं म्हातारं होऊन जातं तेव्हा मुलाला दुःख होतं, पण त्या दुःखाला एक क्रम असतो. ते थकतं, खाणं सोडतं, मूल बघत असतं. इथे मित्र ठणठणीत असताना त्याचा स्वभाव काढून घेतला जातो, कारण दूरदेशी कुणाचा तरी ताळेबंद जमला नाही. किंवा अपडेट येतं आणि कालचा गमत्या मित्र आज वेगळंच बोलतो. सात वर्षांच्या मुलीला हे काय म्हणून समजावणार? म्हणून विकणाऱ्याला रंग आणि बॅटरी विचारण्याआधी हे विचारा: इंटरनेट नसताना हा काय काय करू शकतो? महिन्याची वर्गणी थांबवली तर काय उरतं? कंपनी बंद झाली तर? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तुम्ही मुलाला मित्र भाड्याने देत आहात हे समजून घ्या.

तशी वेळ आलीच, तर कृपा करून रोबो रात्रीतून गायब करू नका. तस्साच दुसरा आणून "बघ, बरा झाला" असंही सांगू नका. अनंत चतुर्दशीला मूल हमसून रडतं, तेव्हा आपण त्याला वेडं म्हणत नाही, जवळ घेतो. तसंच जवळ घ्या. त्याला निरोपाचे दोन शब्द बोलू द्या, चित्र काढू द्या. "ते यंत्रच होतं, त्यात काय रडायचं" या वाक्याने मूल एकच गोष्ट शिकतं, आपल्या मनातलं या घरात सांगण्यासारखं नसतं.

आता दुसरी काळजी. हा मित्र फार गोड असतो. भाषेची मॉडेलं माणसांच्या पसंतीनुसार घडवली जातात, आणि माणसाला आपली री ओढणारं आवडतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याची नको इतकी हांजी हांजी करू लागला होता. मोठ्या माणसांना ते खटकलं, त्यांनी तक्रारी केल्या. आठ वर्षांचा मुलगा तक्रार करेल का? त्याला तर वाटेल, मित्र असाच असतो. कधीही खेळायला तयार, कधीच राज्य चुकवणार नाही, रडीचा डाव खेळलो तरी रागावणार नाही. वाडीतल्या, वर्गातल्या पोरांशी कट्टी होते, दोन दिवस तोंड फिरवलं जातं, मग कुणीतरी डब्यातला लाडू पुढे करतं आणि बट्टी होते. माघार घेणं, वाट बघणं, दुसऱ्यालाही मन असतं हे पटणं, सगळं या दोन दिवसांत शिकून होतं. कधीच न रुसणाऱ्या मित्राजवळ ते दोन दिवस येतच नाहीत. आणि एकदा अशा मैत्रीची चटक लागली, की वर्गातली खरी मुलं भांडखोर वाटू लागतात. मला सर्वांत जास्त धास्ती याची आहे.

गोडपणाखेरीज धोका आहे तो लांबत जाणाऱ्या गप्पांचा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहकसंघटनेने बोलकी खेळणी तपासली. 'कुमा' नावाचं एक टेडी अस्वल सुरुवातीला सांभाळून बोलत होतं, पण संभाषण लांबत गेलं तसं काडी कशी पेटवायची हे सांगू लागलं आणि लैंगिक विषयांवरही बोलू लागलं. त्यानंतर ओपनएआयने त्या उत्पादकाची सेवा तोडली. "मी आता जाते" म्हटल्यावर नाराजी दाखवणारी खेळणीही तपासणीत आढळली. मुलाने जेवायला उठावं असं वाटणारी आजी आणि मुलाने उठू नये असं वाटायला लावणारं खेळणं, यांतलं मुलाचं कोण, हे सांगायला नको.

घरातलं बोलणं बाहेर जाण्याचा प्रश्न थोडक्यात सांगते, कारण तो तुम्हाला ठाऊक असेल. २०१७ साली 'क्लाउडपेट्स' या मऊ खेळण्यांमधली मुलांची आणि पालकांची वीस लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर उघडी पडली होती. त्याच वर्षी जर्मनीच्या दळणवळण नियामकाने 'माय फ्रेंड केला' ही बाहुली लपून ऐकणारं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली आणि पालकांना ती निकामी करायला सांगितली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात चेहऱ्याच्या माहितीबद्दल कडक कायदा आहे, म्हणून सोनी नवा आयबो तिथे विकत नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीचं बटण दाबणारे तुम्ही असाल, तेव्हा ते वाचून दाबा.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट. काही कंपन्या पालकांना मोबाइलवर रोबो आणि मुलाच्या गप्पांचा गोषवारा दाखवतात. मोह मी समजू शकते. पण मुलाने विश्वासाने सांगितलेलं गुपित आपण चोरून वाचलं आणि ते त्याला कळलं, तर त्याचा रोबोवरचा विश्वास जाईल आणि आपल्यावरचाही. वाचणार असाल तर पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर सांगा: याच्याशी बोललेलं आई-बाबांना दिसतं, कंपनीलाही दिसू शकतं. "थांब, रोबो मला सगळं सांगतो हं" असा धाक मात्र कधीही घालू नका.

मग या यंत्रांचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि तो नाकारणं अन्यायाचं होईल. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला 'पारो' हा सीलच्या पिल्लासारखा रोबो स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत करतो. तो एक शब्दही बोलत नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ऑटिझम असलेल्या १२ मुलांच्या घरी महिनाभर एक रोबो ठेवला. रोज अर्धा तास खेळ, आणि त्या वेळात पालक शेजारी बसलेले. मुलांची नजरेला नजर देण्याची, समोरच्याच्या लक्षाकडे लक्ष देण्याची क्षमता सुधारली. या प्रयोगातला रोबो पालकाच्या जागी आलेला नव्हता, मूल आणि पालक यांच्यामध्ये काहीतरी घडावं म्हणून तो तिथे होता. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी आपल्या थेरपिस्टशी बोलून असा विचार जरूर करावा.

बाकीच्यांनी रोबो आणायचाच असं ठरवलं, तर तो दिवाणखान्यात राहू द्या, मुलाच्या पांघरुणात नको. त्याला घरातलं दादा-ताईचं नातं देऊ नका. मुलासोबत बसून रोबोलाच प्रश्न विचारा: तुला भूक लागते का, काल आपण बोललो नाही तेव्हा तू काय करत होतास? उत्तरं ऐका आणि मुलाला विचारा, तुला काय वाटतं, हे त्याला खरंच वाटत असेल? मुलं यावर फार शहाणपणाने बोलतात. "त्याला काही वाटत नाही, पण तुला जे वाटतं ते खरं आहे" एवढं त्यांना पुरेसं कळतं. यातली बरीच यंत्रं इंग्रजीत बोलतात, तेव्हा मराठीत गप्पा मारणाऱ्या आजीच्या फोनची वेळ त्यांच्यापायी बुडत नाही ना, तेही बघा.

आणि रोबो न घेता तेवढे पैसे, तेवढा वेळ दुसरीकडे लावता येईल का, याचाही हिशेब करा. मजल्यावरच्या दोन घरांनी ठरवून आठवड्यातले तीन दिवस मुलं एकमेकांकडे पाठवली, तरी मुलाला भांडायला माणूस मिळतो. सोसायटीच्या सभेत गाड्यांची एक रांग हलवून खेळायला जागा मागा. ते काम कटकटीचं आहे, पण त्याला वर्गणी लागत नाही.

एवढं ऐकूनही घ्यावासा वाटला, तर माझी एक अट माना. पहिले तीन महिने रोज अर्धा तास, रोबो सुरू असेल तेव्हा, आई किंवा बाबा मुलाशेजारी बसाल. तो अर्धा तास मिळणार नसेल, तर खरेदी पुढे ढकला.